सात नंबरची गवसणी

केडगावात कुणाला काही झाकायचं असलं, की पाय आपोआप सिंधूबाईच्या दुकानाकडं वळतात. मिक्सर म्हणा, फ्रीज म्हणा, गाडीचं सीट, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळ्याला अंगाबरोबर कव्हर शिवून देणारी बाई आसपासच्या गावांत ही एकच. स्टेशनाकडून चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान, दारात रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, आणि आत मशीनवर वाकलेली सिंधूबाई. दुकानामागंच घर. घरात जाऊन बघा एकदा! रिमोट प्लास्टिकमध्ये, प्लास्टिकवर चिकटपट्टी. सोफ्याला दुकानातून येताना जे प्लास्टिक होतं ते अजून तसंच. उन्हाळ्यात माणूस बसला की चिकटतो आणि उठताना चर्रर्र आवाज होतो. पण काढायचं नाव काढायचं नाही.

"आता कोंबड्यांना स्वेटर तेवढं शिवायचं राह्यलं," असं तिचा नवरा माऊली म्हणायचा.

"जपलं तर टिकतं," ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची. "तुमचं काय, वापरलं की टाकून मोकळं."

हे सगळं माहेरचं. न्हावऱ्यात तिचे वडील शिवणकाम करायचे आणि भजनी मंडळाची वीणा, पखवाज, पेटी यांच्या गवसण्या त्यांच्याच हातच्या असायच्या. गवसणी म्हणजे वाद्याला घालायचं कापडी आवरण. आतून मऊ, बाहेरून जाड, तोंडाशी नाडी. त्याला कुणी पिशवी म्हटलं की म्हातारा भडकायचा. "पिशवी बाजाराची. ही गवसणी हाय," म्हणायचा. लेकीनं ते बरोब्बर उचललं. मिक्सरचं ते कव्हर, फ्रीजचं ते कव्हर, पण ज्या वस्तूवर कुणाचा तरी जीव आहे तिची ती गवसणी. एवढा फरक ती करते, गिऱ्हाइकाला कळो न कळो.

माऊली कॅडी होता. खरं नाव ज्ञानेश्वर, पण त्या नावानं त्याला फक्त बँकेत हाक मारत. कासुर्डीच्या पुढं डोंगराच्या कुशीत गोल्फचं ग्राउंड झालं, तेव्हा गावातली दहा-वीस माणसं तिथं कामाला लागली. कुणी गवत कापायला, कुणी पाणी मारायला. माऊली साहेब लोकांची बॅग खांद्यावर घेऊन चालायला लागला आणि चालता चालता खेळ शिकला. सोमवारी ग्राउंड बंद असतं. त्या दिवशी कॅडी लोकांना खेळायची मुभा असते. माऊलीचा सोमवार कधी चुकला नाही. लग्नाला जायचं असलं तरी हा मांडवात अक्षता टाकायला उशिरानं, बुटांना माती लागलेली.

पुण्याचे एक म्हातारे साहेब होते. गुडघे गेले, खेळ सुटला, आणि जाताना त्यांनी आपल्या लोखंडी काठ्यांचा सगळा जोड माऊलीला देऊन टाकला. गोल्फमध्ये मोठ्या डोक्याच्या काठ्या वेगळ्या आणि पातळ पात्याच्या लोखंडी काठ्या वेगळ्या. या लोखंडींना नंबर असतात, आणि सात नंबर मधला. सगळे त्याच्यावरच शिकतात. हा जोड ठोकून घडवलेल्या मऊ लोखंडाचा होता, वर पांढरा चकचकीत मुलामा. माऊलीनं घरी आणला तेव्हा नवी सून आणल्यासारखा उंबऱ्यात थांबला होता. सिंधूबाईनं एक काठी उचलली, पात्यावरून हात फिरवला आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "ह्यांना गवसणी न्हाई?"

दुसऱ्या दिवशी तिनं मापं घेतली. बाहेरून काळं रेक्झिन, आतून फोम आणि त्यावर फलालीन. प्रत्येक पात्याला वेगळी, प्रत्येकीवर पिवळ्या दोऱ्यानं नंबर काढलेला. इतकं देखणं काम तिनं स्वतःच्या लग्नाच्या ब्लाउजचंही केलं नसेल.

माऊली काठ्यांना त्या घालून ग्राउंडवर गेला आणि सगळ्या कॅडींनी त्याची टर उडवली. कॅडींचा मुकादम तात्याबा, वयानं थोरला, तोंडानं फटकळ. तो ओरडला, "काय रं माऊली, बारसं हाय का काय? पोरांना अंगडी-टोपडी घालून आनलीस!" एक साहेब म्हणाले, मोठ्या काठ्यांना टोप्या सगळेच घालतात, पण लोखंडीला कव्हर घालतो तो नवशिका. प्रत्येक फटक्याला काढा, परत घाला, एखादं गवतात पडतं, मागचे खोळंबतात आणि ओरडतात. शिवाय ओली काठी आत गेली तर गंजते. दुसरे साहेब म्हणाले, तसं नाही, मऊ लोखंड आहे, बॅगेत एकमेकांवर आपटून त्याला खळगे पडतात, कव्हर हवंच. चहाच्या टेबलावर दोघांची चांगलीच जुंपली. माऊली बॅग धरून उभा होता, त्याला कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी हे सगळं ऐकून सिंधूबाई जाम भडकली. "त्या तात्याबाच्या बापाचं काय गेलं? मी रात्रंदिवस एक करून शिवल्या!"

"अगं ऐक तर," माऊली म्हणाला. "गाडीवर निम्मा रस्ता खड्ड्याचा. तवा ह्या आदळत्यात एकमेकींवर, तितं गवसणी पायजेच. ग्राउंडात गेल्यावर मी काढून ठिवनार. आन् घरी आल्यावर पुसून, वाळवून, मगच घालनार. झालं समाधान?"

झालं. पुढं कित्येक वर्षं तसंच चाललं. तो घरी आला की ओट्यावर बसून एकेक पातं पुसायचा, आणि गवसणीत घालायच्या आधी सिंधूबाईकडं बघून म्हणायचा, "कोरडं हाय गं बाई, हात लावून बघ." ती खरंच हात लावून बघायची.

घरामागं दगडगोट्यांचा माळ आहे. ड्यूटी संपल्यावर, उजेड असेपर्यंत, माऊली तिथं जुन्या चेंडूंची बादली घेऊन उभा राहायचा आणि सात नंबरनं मारत बसायचा. पोरगी मोनाली लहानपणापासून शेजारी. आधी चेंडू वेचायला, मग मारायला. माळाची माती कुरुंदाच्या दगडासारखी खरबरीत. मारून मारून सात नंबरच्या पात्यावर एका जागी मुलामा उडाला आणि आतलं करडं लोखंड उघडं पडलं. बरोबर मधोमध, रुपयाएवढी जागा. माऊलीला तिचा काय अभिमान! बायकोचं बोट धरून त्यानं त्या जागेवर टेकवलं होतं.

"हितं लागतो बघ माझा. इकडं न्हाई, तिकडं न्हाई, दर खेपेला हितंच. साहेब लोकांच्या पात्याला अशी खूण न्हाई सापडायची. त्यांचा सगळीकडं लागतो."

ती हसली होती. पण बोट तिनं लगेच काढलं नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी धुकं दाट पडलं होतं. माऊली बॅग पाठीला अडकवून गाडीवर निघाला. यवतच्या अलीकडं हायवेवर उसाची ट्रॉली उभी होती. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, साधं लाल फडकं नाही. दर गळीत हंगामात अशा ट्रॉल्या उभ्या असतात, आणि दर हंगामात कुणाचं तरी घर बसतं. त्या सकाळी सिंधूबाईचं बसलं. माऊलीची गाडी मागून ट्रॉलीवर आदळली आणि तो जागच्या जागी गेला.

बॅग शेजारच्या शेतात उडून पडली होती. ती तात्याबानं आणून दिली. दहाव्याच्या आधीचा दिवस होता. घर माणसांनी भरलेलं, आणि काय बोलावं ते तात्याबाला सुचेना. असं झालं की माणूस नको ते बोलून जातो. त्यानं एकेक गवसणी काढून दाखवली आणि म्हणाला, "वहिनी, कव्हरं होती म्हनून वाचल्या बघा. एक चरा न्हाई."

सिंधूबाईनं ते ऐकलं आणि ती रडायची थांबली. सगळ्यांना वाटलं, बाई सावरली. कसली सावरते! ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं. आपण शिवलेलं वाचलं, आणि ज्याच्यासाठी शिवलं तो नाही वाचला, हे ती मशीनवर बसली की फिरून फिरून मनात घोळवायची. त्यात दुःख होतंच, पण एक हट्टही होता. आता जे वाचलंय ते आपण जाऊ द्यायचं नाही. तिनं बॅग आतल्या खोलीत खुंटीला टांगली आणि वरून चादरीची मोठी खोळ घातली.

मोनाली तेव्हा अकरावीला होती. ती केडगावहून कासुर्डीला जायची, सकाळी कॉलेज, दुपारनंतर ग्राउंड. तात्याबानं साहेबांना सांगून तिला ग्राउंडवर पडून राहिलेल्या काठ्या मिळवून दिल्या होत्या. एक लांब, एक आखूड, एकीची मूठ फाटलेली. उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिनं आईजवळ विषय काढला.

"आई, मला पप्पांच्या काठ्या दे ना. त्याच हाताला बसल्यात माझ्या. ह्या उसन्या काठ्यांनी चेंडू कुठं जाईल सांगताच येत नाही."

"न्हाई."

"अगं पण..."

"न्हाई म्हंजी न्हाई. फोटो काय, कुनाचाबी निघतो. कपडे वाटून टाकले. तुज्या पप्पांच्या हातानं झालेलं येवढंच राह्यलंय, त्या सात नंबरवर. तू मारशील, तुजा चेंडू भलतीकडं लागंल. एका वर्षात ती खूण पुसून जाईल मोने. मला न्हाई बघवनार."

आईचं चुकतंय असं मोनालीला वाटत होतं आणि आईचं बरोबरही वाटत होतं. सतरा वर्षांच्या पोरीनं यात करायचं काय? ती उसन्या काठ्या घेऊन माळावर गेली आणि अंधार पडेपर्यंत मारत बसली. आत मशीन चालू होती, पण टाके वाकडे पडत होते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजायची. सिंधूबाईनं मशीन पुसली, कात्री, विळी, कोयता पाटावर मांडले, आणि मग थोडा वेळ उभी राहून आत गेली, बॅग काढून आणली. माऊली दर वर्षी स्वतः त्या काठ्या पाटावर ठेवायचा, हळदीकुंकवाचं बोट लावायचा आणि दुपारी लगेच पुसून टाकायचा. या वर्षी ते सगळं तिनंच केलं. एकेक पातं पाण्यानं धुतलं. हळद लावली. सात नंबरची पाळी आली तेव्हा तिनं कुंकू पाण्यात कालवलं आणि त्या रुपयाएवढ्या जागेवर बोटानं दाबून लावलं. कपाळाला लावतात तसं. पौषापासून तिच्या स्वतःच्या कपाळाला कुंकू नव्हतं. कुणी बळजबरी केली नव्हती, पण दहाव्याला चार बायकांनी मिळून जे पुसलं, ते परत लावायची तिची हिंमत झाली नव्हती. त्या लोखंडावर ते लाल बोट उमटलं तेव्हा तिला भडभडून आलं, आणि बरंही वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

आणि इथंच घात झाला. संध्याकाळी झेंडूची फुलं काढली, विळी-कोयता पुसून जागेवर गेले, पण सात नंबरवरचं कुंकू पुसायला तिचा हात उठेना. पुसायचं कसं? एकदा पुसलेलं तिनं सोसलं होतं, स्वतःच्या हातानं परत पुसणार होती का ती? तिनं तसंच, ओल्या कुंकवासकट, पातं गवसणीत सरकवलं. नाडी घट्ट ओढली. बॅग खुंटीला लावली आणि वरून खोळ घातली. मोनाली बघत होती. तिला तेव्हा काही सुचलं नाही. कुणाला सुचणार होतं?

दिवाळी झाली, थंडी पडली, उसाच्या ट्रॉल्या परत रस्त्यावर आल्या. त्या दिसल्या की सिंधूबाई दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायची. अशातच एका दुपारी तात्याबा आला. बाहेरच्या स्टुलावर बसला, पाणी प्याला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, पोरीची निवड व्हायची येळ आलीया. पुण्यात मुलींचं शिबिर हाय, वर्षभराचं. राहनं, खानं, शिकवनं, समदं त्यांचं. चाचनी म्होरल्या आठवड्यात. आन् मी तुमास्नी खरं सांगतो, पोरगी उसन्या काठ्यांनी न्हाई निवडली जायची. तिचा हात माऊलीच्या काठ्यांवर घडलाय. त्या दिल्या, तर ती बसती. न्हाई दिल्या, तर फुडल्या साली वय बसत न्हाई."

सिंधूबाईनं मशीन थांबवली नाही. "तुमीच म्हनला हुता, कव्हरं हुती म्हनून वाचल्या."

"म्हनलो हुतो," तात्याबा म्हणाला. "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

मोनाली आतल्या दारात उभी होती. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "आई, न्हावऱ्याला आजोबांच्या गवसणीतली वीणा एकादशीला बाहेर निघायची ना?"

मशीन थांबली. वीणा निघायचीच. गवसणी दाराशी पडलेली असायची आणि वीणा रात्रभर वाजायची. वडिलांनी शिवलेल्या कुठल्याच गवसणीत वाद्य कायमचं ठेवलेलं तिला आठवेना. ती उठली. आत गेली, खोळ काढली, बॅग ओसरीवर आणून ठेवली.

"आधी सात नंबर बघते," ती म्हणाली. "मग काय ते ठरवू."

नाडी सोडली. गवसणी निघेना. फलालीन पात्याला धरून बसलं होतं. तिनं जरा ओढलं, मग जोर लावला, आणि ते फरकन निघालं. पात्यावर लाल दिसत होतं. तिला आधी कुंकूच वाटलं. अजून आहे म्हणून बिचारीच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तिनं पदराचं टोक घेऊन कडेनं हळूच टिपलं, आणि पदराला तांबूस भुगा लागला. परत पुसलं. ते गेलं नाही. खाली लोखंड खडबडीत लागलं.

"काय झालं?" मोनाली खाली बसली.

तात्याबानं काठी हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि त्याचा चेहरा पडला. ज्या जागी माऊलीनं मारून मारून मुलामा उडवला होता, तेवढंच लोखंड उघडं होतं. ओल तिथंच बसली आणि गंजानं तेवढंच खाल्लं. बाकीचं पातं चकचकीत. फक्त ती रुपयाएवढी जागा तांबडी, फुगलेली, बारीक बारीक छिद्रं पडलेली. इतर काठ्याही काढून बघितल्या. त्यांच्यावर हळदीचे पिवळे डाग होते, थोडा गंज कडेला. पुसून जाण्याजोगा.

सिंधूबाईला कळलं. तिला सगळं एकदम कळलं, आणि तिनं कपाळ बडवून घेतलं.

"मीच खाल्लं गं! उसाची ट्रॉली काय घेऊन बसलीस, हे मी केलं! पुसायचं हुतं, मला पुसवलं न्हाई. त्यांनी दर रोज सांगितलं, कोरडं हाय का बघ, आन् मीच वलं कोंडलं. अगं मी त्यांना दुसऱ्यांदा घालवलं!"

मोनालीनं तिला धरलं. पोरीला आईचा राग यायला हवा होता, पण राग कुठून येणार? ती आईच्या खांद्यावर तोंड ठेवून रडत राहिली. तात्याबा अंगणाकडं तोंड करून बसला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. एक गिऱ्हाईक गाडीचं सीट घेऊन आलं आणि आतलं बघून तसंच परत गेलं.

बऱ्याच वेळानं तात्याबा म्हणाला, "वहिनी, काठी गेली न्हाई. वरवरचा गंज हाय. बारीक पॉलिश पेपर आन् तेल, घासला की निघंल. पात्यावरच्या खाचा तेवढ्या सांभाळायच्या. मी नेतो, उद्या करून आनतो." मग त्यानं खरं ते सांगितलं. "पर खूण न्हाई राह्यची. गंजाबरोबर ती बी जानार. तुमी म्हनत असाल तर हात लावत न्हाई. तशीच ठिवा. मी साहेबांकडनं दुसरी सात नंबर बघतो."

आता बोला! तशीच ठेवली असती, तर ती खूण म्हणून काय उरणार होतं? गंजाचा डाग. पण सिंधूबाईच्या जागी बसून बघितलं तर तो डागही तिचाच होता. माऊलीची जागा आणि तिचं कुंकू, दोन्ही त्यात मिसळलेलं. ती त्याच्याकडं बघत बसली. मोनालीला वाटलं, आई आता ती काठी परत गवसणीत घालणार. तिनं मनाची तयारीसुद्धा केली. शिबिर गेलं तर गेलं, हिला अजून छळायचं नाही.

"मोने," सिंधूबाई म्हणाली, "मशीनच्या खनातली तेलाची बाटली आन."

"तुमी राहू द्या, मी करतो की," तात्याबा पुढं झाला.

"न्हाई भावजी. हे माझं मी करनार. दुसऱ्या कुनी नगं."

तात्याबा चौफुल्याला जाऊन पॉलिश पेपर घेऊन आला. सिंधूबाईनं काठी मांडीवर आडवी घेतली. मशीनचं पांढरं तेल त्या जागेवर सोडलं, पेपरची घडी केली आणि घासायला सुरुवात केली. आधी तांबडा राडा निघाला. तिनं फडक्यानं टिपला. परत तेल, परत घासणं. खाचेत पेपरचं टोक घालून, कापडाच्या कोपऱ्यातला दोरा काढावा तसं ती हळूहळू गंज काढत होती. डोळ्यांतून पाणी चालू होतं, ते पात्यावर पडू नये म्हणून ती मान वळवून घासत होती. मध्येच हात थांबायचा. बोट त्या जागेवर फिरायचं. तिथं अजून थोडा खोलगटपणा लागत होता, अगदी थोडा. तो राहू द्यावा असं तिला वाटलं असेल. पण छिद्रांच्या तळाशी गंज होता आणि तो ठेवला तर परत पसरणार, हे तात्याबानं सांगितलं होतं. तिनं दात आवळले आणि तोही घासला.

ऊन कलायला लागलं तेव्हा पातं स्वच्छ झालं. मधली जागा बाकीच्या पात्यापेक्षा जरा मळकट, पण सपाट. सिंधूबाईनं डोळे मिटून बोट फिरवलं. कुठंही काही लागलं नाही. तिनं काठी पुसली, उलटसुलट करून बघितली आणि लेकीपुढं धरली.

मोनालीनं हात मागं घेतले.

"मी नाही मारणार ह्यानं. आई, मला नको आता. मला भीती वाटते."

"कसली?"

"तू रडशील."

"रडंन की," सिंधूबाई म्हणाली. "रडायचं ते रडंन. ऊठ."

तिनं स्वतः बादली उचलली आणि माळाकडं चालू लागली. इतकी वर्षं नवरा आणि लेक तिथं उभी राहायची, ही मशीनवरून आवाज ऐकायची. माळावर ती कधी गेलीच नव्हती. तात्याबा पाठोपाठ आला आणि बांधावर थांबला. दगड बाजूला सारून मोनालीनं चेंडू ठेवला. पहिला चेंडू मातीत घुसला. दुसरा कसाबसा उडाला आणि बाभळीकडं वाकडा गेला. सिंधूबाईनं चेंडूकडं बघितलंच नाही. तो कुठं पडला याचं तिला काही घेणंदेणं नव्हतं. ती लेकीजवळ गेली, काठी उलटी करून पातं हातात घेतलं आणि त्यावर उमटलेला मातीचा ठसा शोधायला लागली. ठसा पार टोकाला होता.

तिनं पदरानं तो पुसला. पात्याच्या मधोमध बोट ठेवलं आणि लेकीकडं बघितलं.

"तुजे पप्पा हितं हायेत," ती म्हणाली. "अजून लांब हायेस तू. मार."